झेनोफनची कुत्री आणि त्यांचे दुखरे पाय

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये कुत्रा येतो, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. ओळखीच्याशी प्रेमाने आणि अनोळखीशी कडकपणे वागतो, म्हणजे ज्ञानावरून आपलं-परकं ठरवतो. म्हणून तो तत्त्वज्ञच, असं तिथे सॉक्रेटिस म्हणतो. थोडी थट्टा आहे त्यात. पण सॉक्रेटिसच्या सहवासातल्या आणखी एकाने कुत्र्यांवर लिहिलं आहे, तो म्हणजे झेनोफन. प्लेटोने कुत्र्याचा स्वभाव पाहिला, झेनोफनने त्याचे पायही पाहिले. आज त्या पायांबद्दल बोलू.

झेनोफन मूळचा अथेन्सचा. पुढे बरीच वर्षं तो ऑलिंपियाजवळ स्किलुस इथे, स्पार्टाने दिलेल्या जमिनीवर राहिला आणि तिथे शिकारही करत असे. शिकारीवरच्या त्याच्या पुस्तकाचं नाव ‘किनेगेतिकोस’. ते पूर्णपणे त्याचंच का, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. मी ते त्याचंच धरून चालतो. यात मुख्य शिकार सशाची. वाटांवर जाळी लावायची, कुत्र्यांनी वास घेत माग काढायचा आणि ससा जाळ्याकडे हाकायचा. म्हणजे तासन्‌तास डोंगर, खडक, काटे. नाक कितीही तिखट असलं तरी ते वाहून नेणार पायच ना!

आता बघा, हा माणूस वाईट कुत्र्यांची यादी देतो. काही कुत्री अंगात धमक नसलेली; ती काम सोडतात आणि ऊन टाळून सावलीत जाऊन पडतात. काही कुत्र्यांचे पायच वाईट. ती हिमतीची असली तरी श्रम सोसू शकत नाहीत, पाय दुखतात म्हणून हार मानतात. दोन्ही कुत्री थांबलेलीच. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतील. झेनोफन मात्र त्यांना वेगळं काढतो. एकाची इच्छा कमी, दुसऱ्याची इच्छा आहे पण पंजा साथ देत नाही. माझ्या मते या छोट्याशा पुस्तकातली ही सगळ्यांत मोठी गोष्ट.

मग उपाय काय? त्याचा भर लेपापेक्षा तयारीवर आहे. ससा सापडो न सापडो, कुत्र्यांना खडबडीत जमिनीवर न्यावं, त्याने पाय चांगले होतात, असं तो सांगतो. कारण साधं आहे. पंजाखालची गादी म्हणजे जाड कातडी आणि आत चरबी. हळूहळू ताण वाढवला तर कातडी जाड होते. एकदम वाढवला तर सोलवटते. घोड्यांवरच्या पुस्तकातही तो हेच करतो. तबेल्याबाहेर गोटे पसरा, त्यावर उभं राहून खूर कणखर होतील, असं तिथे म्हटलंय.

आणि काही वेळा उपाय म्हणजे न नेणं. बर्फावर सशाचा माग काढायचा तर कुत्री घरी ठेवा, कारण बर्फाने त्यांची नाकं आणि पाय भाजतात. माग माणसाने स्वतः काढावा.

बर्फ म्हणजे काय, हे झेनोफनला चांगलं माहीत होतं. इ.स.पू. ४०१च्या हिवाळ्यात तो ग्रीक सैन्याबरोबर आर्मेनियाच्या बर्फातून चालला. ‘अनाबासिस’मध्ये त्याने लिहिलंय, की जे सैनिक पायताण घालून झोपले त्यांच्या पायांत पट्टे रुतले. काहींची बोटं थंडीने सडली. रस्त्यात माणसं कोसळत होती, आणि त्यांना काय झालंय हे त्याला कळेना. एका जाणत्याने सांगितलं, भूक आहे ही. खायला दिल्यावर माणसं उठून चालू लागली. पुढे एका गावच्या मुखियाने घोड्यांच्या पायांना पिशव्या बांधायला शिकवलं, नाहीतर ती पोटापर्यंत बर्फात रुतत. आपल्याकडे बैलांना पत्र्या मारतात, त्याच जातीचं हे शहाणपण. ते पुस्तकातून येत नाही, जनावराबरोबर चालणाऱ्याकडून येतं.

ही परंपरा पुढेही दिसते. इ.स. दुसऱ्या शतकात आरियन झेनोफनचीच पुरवणी लिहितो. कुत्र्याला मऊ, उबदार अंथरूण द्या, त्याचं अंग चोळा, शक्यतो माणसाजवळ झोपवा, असं सांगतो. फ्वाचा सरदार गास्तों फेब्युस याने १३८७मध्ये शिकारीचा ग्रंथ लिहायला घेतला. त्याची एक सचित्र प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यातल्या एका चित्रात नोकर कुत्र्यांची शुश्रूषा करताहेत, एकाचा पाय धुताहेत. आजही सुरुवात तिथूनच होते. पाय धुवा, बोटांच्या बेचक्यात काटा आहे का पाहा, नवी कातडी धरेपर्यंत विश्रांती द्या.

शेवटी स्वतःचं एक सांगतो. शिकवत असताना शेवटच्या बाकावर रोज पेंगणाऱ्या एका मुलाला मी वर्गासमोर आळशी म्हटलं होतं. तो रात्रपाळी करून येत होता, हे मला वर्ष संपताना कळलं. तोवर झेनोफन मी दोनदा तरी शिकवला होता. थांबलेल्याला बोल लावण्याआधी त्याचा पाय उचलून पाहावा, एवढं मात्र मी त्यातून घेतलं नव्हतं.

आता प्रश्न घेऊ.