घरातल्या कामाच्या खोलीसाठी दिवे कसे निवडायचे? वॉट बघू नका, हे बघा

संध्याकाळी आठ वाजता साडीला फॉल जुळवला. ट्यूबखाली रंग अगदी एकजीव दिसला. पिको झाले, फॉल लागला, साडी गिऱ्हाइकाच्या घरी गेली. सकाळी उन्हात धरून बघितली तर साडी राणी रंगाची आणि फॉल लालसर. साडी परत आली, फॉल उसवला आणि मजुरी गेली. घरी शिलाई करणाऱ्या बहुतेक बायकांनी हे कधी ना कधी अनुभवलेले असते, आणि बहुतेक वेळा दोष त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना दिलेला असतो. पण तो अनेकदा दिव्याचा असतो.

नांदेड असो, लातूर असो, उदगीर असो की अहमदपूर, गल्लीत फिरले की घरातले कारखाने दिसतात. कुठे पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कुठे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोअरच्या मोटारींचे रिवाइंडिंग, कुठे सुतारकाम, कुठे जिन्याखालच्या जागेत मोबाईल दुरुस्ती. मशीन घेताना चार दुकाने फिरणारा माणूस दिव्याच्या बाबतीत मात्र घरात आहे तोच बल्ब वापरतो. फार तर अंधार वाटला म्हणून जास्त वॉटचा बल्ब आणून त्याच होल्डरला लावतो. याने खोली उजळते, काम उजळतेच असे नाही.

वॉट, लुमेन आणि लक्स

वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड किती देतो ते लुमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. चांगली एलईडी एका वॉटला साधारण १०० लुमेन देते. म्हणजे ९ वॉटचा बल्ब ९०० लुमेन, आणि २० वॉटची चार फुटी बॅटन सुमारे २,००० लुमेन. खोक्यावर लुमेनचा आकडाच नसेल तर तो माल परत ठेवलेला बरा.

तिसरा शब्द लक्स. हे लुमेन कामाच्या जागेवर किती दाट पडतात याचे ते माप. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. कोणत्या कामाला किती लागतात याचे आकडे ठरलेले आहेत. भारतात आतल्या उजेडासाठी आयएस ३६४६ हे मानक आहे. युरोपीय मानकात लाकूडकामाच्या यंत्रांसाठी ५०० लक्स, शिलाईसाठी ७५०, कापडाचा रंग तपासण्यासाठी १,००० आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बारीक जुळणीसाठीही १,००० लक्स सांगितले आहेत. एका बल्बवर चालणाऱ्या घरच्या खोलीत टेबलावर १०० लक्स मिळाले तरी खूप. फरक किती मोठा आहे बघा.

आता हिशेब करू. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. सगळ्या खोलीत ३०० लक्स हवे तर कामाच्या उंचीवर ३,३०० लुमेन पोचायला हवेत. भिंती, छत, कपाटे आणि दिव्यावरची धूळ मिळून निम्म्याच्या आसपास उजेड खाऊन टाकतात. म्हणून दिव्यांतून सहा हजारांच्या पुढे लुमेन निघायला हवेत, म्हणजे २० वॉटच्या तीन बॅटन जेमतेम पुरतील. आणि शिलाईला तर ३०० नाही, ७५० लागतात. मग सात-आठ बॅटन लावायच्या का? नाही. सगळी खोली ७५० ला नेण्याची गरजच नसते, फक्त सुईखालची वीतभर जागा न्यायची असते.

दिवा खाली आणा

घरच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा हीच आहे. बल्बसारख्या एका ठिकाणाहून येणाऱ्या उजेडाचे अंतर निम्मे केले तर उजेड चौपट होतो आणि एक तृतीयांश केले तर नऊपट. छताचा बल्ब टेबलापासून साडेपाच फुटांवर असतो. तोच बल्ब वळत्या मानेच्या दिव्यात घालून पावणेदोन-दोन फुटांवर आणला, तर त्याच ९ वॉटमध्ये ७५० लक्सच्या आसपास जाता येते. लांब बॅटनचा हिशेब एवढा तीव्र नसतो, पण तीही साखळीने दोन-तीन फूट खाली टांगली की फरक लगेच कळतो.

दुसरा प्रश्न सावलीचा. दिवा खोलीच्या मधोमध आणि टेबल भिंतीला लावलेले, अशी आपल्याकडची नेहमीची मांडणी. यात दिवा तुमच्या पाठीमागे येतो आणि तुमच्याच डोक्याची सावली कामावर पडते. वॉट वाढवले तर सावली आणखी गडद होते. बॅटन टेबलाच्या पुढच्या कडेच्या वर, डोक्याच्या थोडी पुढे लावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला छोटा दिवा डावीकडून हवा, डावखुऱ्याला उजवीकडून. शिलाई मशीनचे धूड सुईच्या उजव्या बाजूला असते, त्यामुळे तिथेही डावीकडून समोरून येणारा उजेड उपयोगी पडतो. मशीनला चुंबकाने चिकटणारी छोटी एलईडी मिळते ती चालेल, पण तिच्या रंगावर भरवसा ठेवू नका. उघडा दिवा थेट डोळ्यात येत असेल तर त्याला शेड लावा.

मोजायचे कसे? फोनमध्ये लक्स मोजणारे फुकट ॲप मिळते. त्याचा आकडा तंतोतंत नसतो, पण दिवा हलवण्याआधी आणि नंतर फोन टेबलावर तोंड वर करून ठेवला तर तुलना चांगली होते.

वयाचाही विचार करा. साठीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. आजोबांना सुतारकामात "दिसत नाही" असे होते तेव्हा डोळे तपासून घ्यावेतच, पण दिवाही तपासावा.

रंगाची फसवणूक

आता फॉलच्या गोष्टीकडे परत येऊ. दोन कापडे एका दिव्याखाली सारखी आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळी दिसू शकतात, कारण त्यांतले रंगद्रव्य वेगळे असते. सूर्यप्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात. स्वस्त एलईडीत निळा आणि पिवळा भरपूर असतो, गडद लाल मात्र कमी. त्यामुळे राणी, मरून, डाळिंबी, लाल हेच रंग सगळ्यात जास्त फसवतात, आणि लग्नसराईत कामही याच रंगांचे असते.

दिवा रंग किती खरे दाखवतो याचे माप म्हणजे सीआरआय. सूर्यप्रकाश आणि जुना तारेचा बल्ब यांचा १००. नेहमीच्या एलईडीचा ८० च्या आसपास, एकदम स्वस्त मालाचा त्याहून कमी. रंग जुळवण्याचे काम असेल तर ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचा एक तरी दिवा हवा. आर-९ नावाचा आकडा फक्त गडद लालसाठी असतो. तो छापलेला मिळाला तर उत्तम, पण आपल्या बाजारात तो क्वचितच सापडतो. दुकानातली सोपी परीक्षा अशी: लाल आणि मरून कापडाचे दोन-तीन तुकडे बरोबर न्या, दिवा लावून त्याखाली बघा, मग दुकानाच्या दारात उन्हात बघा.

सीआरआय आणि रंगछटा यांत गल्लत होते. ३,००० केल्व्हिन म्हणजे पिवळसर, ४,००० म्हणजे मधला, ६,५०० म्हणजे निळसर पांढरा. पांढरा शुभ्र दिवा आहे म्हणून रंग खरे दिसतील असे नाही. आपल्याकडे ६,५०० चा दिवा "जास्त उजेडाचा" म्हणून विकला जातो, तेही खरे नाही. लुमेन सारखे तर उजेड सारखाच. लाकूड, लोखंड, रिवाइंडिंग यांना ४,००० चा दिवा डोळ्यांना बरा पडतो. कापडाला ५,००० ते ६,५०० मधला, पण ९० सीआरआयचा.

रंगाचे काम किती काटेकोर असू शकते याचे उदाहरण आपल्या दोन जिल्ह्यांतच आहे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते आणि त्यासाठीचे खादीचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणले जाते. ध्वजाचे मानक आहे आयएस १, म्हणजे भारतीय मानकांतला पहिलाच क्रमांक. त्यात केशरी, पांढरा आणि हिरवा हे रंग नुसत्या नावाने सांगून सोडलेले नाहीत. ते आकड्यांत दिले आहेत, आणि ते आकडे कोणत्या उजेडासाठी आहेत हेही ठरवले आहे: "इल्युमिनंट सी", म्हणजे दिवसाच्या सरासरी उजेडाचे एक जागतिक प्रमाण. दिवा सांगितल्याशिवाय रंग सांगता येत नाही, हे ते मानक लिहिणाऱ्यांनी धरूनच चालले होते.

लुकलुकणारा दिवा आणि फिरते चाक

ग्राइंडर, लेथ किंवा गोल करवत असेल तर हा भाग लक्ष देऊन वाचा. आपली वीज ५० हर्ट्झची. आतल्या सर्किटमध्ये काटकसर केलेला स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण तासाभराने डोके जड होते. त्याहून वाईट म्हणजे फिरते यंत्र थांबल्यासारखे भासू शकते. मिनिटाला ३,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५०. दिव्याच्या दर झपक्याला चाक बरोबर अर्धी फेरी करते, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या असलेला भाग प्रत्येक वेळी त्याच जागी दिसतो. मोटारीचा खरा वेग थोडा कमी असल्याने चाक हळूहळू उलटे फिरते आहे असे वाटते. मशीनच्या आवाजावरून कळेलच, असे म्हणू नका. शेजारी दुसरे यंत्र चालू असले की आवाजाचा भरवसा राहत नाही, आणि बोट जायला एक क्षण पुरतो.

तपासणे सोपे आहे. दिव्याखाली पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. नुसता धूसर पट्टा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे. फोनचा स्लो मोशन व्हिडिओही हे पकडतो. असा दिवा जिन्यात लावा, यंत्रावर नको.

पत्रा, ऊन आणि व्होल्टेज

लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. नांदेड गोदावरीकाठी, साडेतीनशेच्या आसपास, म्हणून उन्हाळा आणखी कडक. पण पत्र्याखाली दोन्हीकडचा मे महिना सारखाच. एलईडीचा दाणा सहसा जळत नाही, आधी जाते ती आतली सर्किट, आणि तिला उष्णता मारते. सर्किटमधल्या कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून दिवा पत्र्याला चिकटवून लावू नका, फूटभर तरी खाली टांगा. खाली टांगण्याचे हे दुसरे कारण.

खोक्यावर व्होल्टेजची मर्यादाही बघा. संध्याकाळी शेतीपंप चालू झाले की गावाकडे व्होल्टेज पडते, तिथे १४० च्या आसपासपासून चालणारा दिवा हवा. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा सर्ज संरक्षण असलेली बॅटन वाचण्याची शक्यता जास्त. बीआयएसची खूण आणि नोंदणी क्रमांक खोक्यावर असायलाच हवा, आणि पक्के बिल घ्या, नाहीतर वॉरंटीचा उपयोग नाही.

लाइट गेल्यावर काय? तीन बॅटन आणि एक टेबलाचा दिवा मिळून ७० वॉट होतात. १५० एएचची चांगली बॅटरी व्यवहारात हजार वॉट-तास देते असे धरले, तर फक्त दिवे चौदा तास चालतील. शिलाई मशीनची मोटार त्याच इन्व्हर्टरवर टाकली की हिशेब बदलतो.

खिडकी आणि चुना

दिवसा काम करत असाल तर उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली. तिथून थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर शांत राहतो. मात्र आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, त्या काळात तिथे पातळ पडदा लागेल. माळवदाच्या जुन्या घरात खिडक्या कमी, पण छतातला झरोका असतो. तो बुजवला असेल तर उघडून त्यावर काच बसवा आणि कामाचे टेबल त्याच्याखाली आणा. पत्रा आतून पांढरा रंगवा, भिंतींना चुना द्या. काळपट भिंत दिव्याचे पैसे खाते. सुतारकाम किंवा कापूस-कापडाचे काम असेल तर दर आठवड्याला दिव्यावरून कोरडे फडके फिरवा, दिवा बंद करून.

वायरिंग आणि मीटर

दिव्यांची लाइन आणि यंत्रांची लाइन वेगळी ठेवा, दोन्हींना स्वतंत्र एमसीबी. करवत अडकून एमसीबी पडला आणि त्याच लाइनवरचे दिवेही गेले, तर पाते अजून फिरत असते आणि तुम्ही अंधारात उभे असता. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवेच.

घरात धंदा म्हणजे व्यापारी मीटर, ही भीती अनेकांना असते. महावितरणच्या दर आदेशांत घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांसाठी तरतूद आहे: महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. दर आदेश बदलत राहतात, म्हणून चालू आदेश एकदा बघून घ्या. दिव्यांमुळे ती मर्यादा ओलांडली जाणार नाही. वरचे ७० वॉट रोज आठ तास जाळले तरी महिन्याला १७ युनिट होतात.

पैसे थोडेच असतील तर आधी वळत्या मानेचा एक दिवा आणि त्यात चांगला बल्ब घ्या, यंत्र असेल तर न लुकलुकणारा आणि कापड असेल तर ९० सीआरआयचा. मग छताची बॅटन जागेवरून काढून टेबलाच्या पुढच्या कडेवर आणा, त्याला वायरमनच्या मजुरीपलीकडे फारसा खर्च नाही. नव्या बॅटन त्यानंतर. आणि असा बल्ब मिळेपर्यंत फॉल दिवसा, दारात उभे राहून जुळवा.