आधी पुस्तक की आधी मास्तर?

पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षे झाली होती. मुंबई इलाख्यातल्या गावठी शाळांची अवस्था तपासायला मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने एक समिती नेमली आणि १८२४ च्या सुमाराला तिचा अहवाल आला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे या मंडळीचे चिटणीस होते. समितीने शाळांतले चार दोष क्रमाने मांडले. पुस्तकांचा भयंकर तुटवडा हा पहिला, शिकवण्याच्या सोप्या आणि परिणामकारक पद्धतीचा अभाव हा दुसरा, लायक शिक्षक नाहीत हा तिसरा आणि पैसा नाही हा चौथा. चारही दोष खरे होते. माझे म्हणणे त्यांच्या क्रमाबद्दल आहे. पुस्तक पहिले आणि मास्तर तिसरा ही उतरंड तेव्हा बसली ती सरकारे बदलली, भाषा बदलली, खडू जाऊन पडदे आले तरी हललेली नाही. महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा दोनशे वर्षांचा इतिहास मात्र उलटी साक्ष देतो. ज्या ज्या वर्गात अक्षर खऱ्या अर्थाने नांदले तिथे आधी लिहिता-वाचता शिक्षक होता आणि त्याच्या मागून वर्गात मजकूर आला.

त्या समितीने पाहिलेली पंतोजींची शाळा कशी होती, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण तिच्याविषयी एक तर टिंगल होते किंवा नुसते उमाळे येतात. शाळा कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात भरे. पंतोजींना मोबदला मिळे तो बराचसा धान्यात आणि सणावाराच्या शिध्यात. मुलगा आला की ओनामा, मग मुळाक्षरे, बाराखड्या, जोडाक्षरे. लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटकरीची भुकटी पसरायची, काडीने अक्षर काढायचे, गुरूने पाहिले की पाटी हलवून सारखी करायची आणि पुन्हा तेच अक्षर. याच धुळाक्षरांवर पिढ्यानपिढ्या बोटे वळली. पुढे बोरू, शाई, मोडी, पत्रांचे मायने, आणि रोज संध्याकाळी परवचा: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी. या शाळेतून कुळकर्णी, कारकून आणि दुकानदार तयार झाले. हिशेबात ते पक्के असत. तिला निकामी म्हणणे अन्यायाचे होईल. पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. धुळपाटीवर अक्षर उमटे, ते उरत नसे. मुलाने आज लिहिलेले उद्या दुसऱ्या मुलाने वाचावे अशी सोयच नव्हती, आणि लिहिलेले कुणीतरी वाचणार आहे ही जाणीवही त्या पाटीवर येत नव्हती. शिवाय ही ओसरी सगळ्यांना खुली नव्हती. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तिच्या बाहेरच होती.

मग छापील पुस्तके आली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीच्या गोष्टी मराठीत आणल्या. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. मुलांच्या हातात मराठी गद्य पडावे म्हणून या मंडळींनी केलेले श्रम मोठे आहेत आणि त्यांचे ऋण आपण पुरेसे मानत नाही. शाळापुस्तक मंडळीने शिक्षकही तयार करून जिल्ह्यांत धाडले. तरीही शाळेची चाल फारशी बदलली नाही, कारण ज्या मास्तराच्या हातात पुस्तक पडले त्याला वाचन म्हणजे पाठांतर हेच ठाऊक होते. पूर्वी पाढे म्हणत, आता धडे म्हणू लागले. हंटर आयोगानंतर परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत फोफावली आणि तपासणीला डिपोटी येणार त्या दिवसासाठी धडा घोटून घेणे हेच शिकवणे ठरले. पुस्तक पुरवले की वाचन आपोआप येते, हे गृहीतक इथेच पहिल्यांदा फसले.

हंटर आयोगाच्या कितीतरी आधी पुण्यात नेमके उलटे घडत होते. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले यांना त्यांचे पती जोतीराव यांनी घरी शिकवले होते. पुढे त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षणही घेतले. १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ हा त्यांचा कवितासंग्रह छापून निघाला. आणि १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना ही मुलगी धर्माला प्रश्न विचारते, पेशवाईतल्या छळाची आठवण देते आणि आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते हे लिहून जाते. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. बाईंचे पुस्तक १८५४, मुलीचा निबंध १८५५. एकामुळेच दुसरे झाले असा हिशेब मांडता येणार नाही. पण ज्या शाळेत शिकवणारी बाई स्वतः लिहिते आणि छापते, त्या शाळेत लिहिणे ही वळणदार अक्षरे काढण्यापुरती गोष्ट राहत नाही, हे मुक्ताच्या निबंधाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. त्या काळच्या सरकारी शाळांत पुस्तके होती, इमारती होत्या, पगारी मास्तर होते. मुक्तासारखा आवाज तिथून उमटला नाही.

खानदेशात पाऊणशे वर्षांनी हेच वेगळ्या रूपात दिसते. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ काढले. हे दैनिक हातांनी लिहिलेले असे, आणि लिहिणारे गुरुजी स्वतःच. दिवसभर वर्ग, मुलांची दुखणी-खुपणी, खोल्यांची झाडलोट, आणि वर हा रोजचा मजकूर. त्या मुलांना बाजारात मिळणार नाही असा मजकूर त्यामुळे मिळाला: त्यांच्या ओळखीच्या माणसाने, त्यांना समोर ठेवून, त्यांच्यासाठी लिहिलेला. अक्षरसमृद्ध वर्ग हा शब्दप्रयोग आज प्रशिक्षणांत वारंवार ऐकू येतो. त्याची व्याख्या शोधणाऱ्याने अमळनेरचे ते छात्रालय आठवावे. खर्च कागद आणि शाईचा. बाकी सगळे शिक्षकाच्या अंगातले.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र ठाणे जिल्ह्याच्या, आजच्या पालघरच्या, किनाऱ्यावरचा आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम करून घडलेल्या. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामात त्या पहिल्यापासून होत्या. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पाठ्यपुस्तकांचे पैसे एकत्र करून वर्गासाठी गोष्टींची पुस्तके घेतो, हा प्रसंग शिक्षणात रस असणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. ताराबाईंनी ती कल्पना एका वर्गापुरती ठेवली नाही. ‘शिक्षण पत्रिका’ मराठीत काढून त्यांनी शिक्षक आणि पालक या दोघांना वाचते केले. दादरच्या शिशुविहारात बालशिक्षिका तयार होऊ लागल्या. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत गेल्या. वारली मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. तिचे नाव अंगणवाडी. पुढे देशभरच्या सरकारी योजनेने हेच नाव उचलले. जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी गुरे चरत तिथेच कुरणशाळा भरली. साधने बाजारातून आणलेली नव्हती. शिंपले, बिया, पाने, खडे, माती हाताशी असेल ते. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि तिथे विकासवाडी उभी राहिली.

या साऱ्यात अनुताईंची स्वतःची वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बालविधवा, खेड्यातली शिक्षिका, मग पुण्यात नोकरी, रात्रीच्या शाळेत शिकून मॅट्रिक. बोर्डीला आल्या तेव्हा पस्तिशीत होत्या. बी. ए. झाल्या त्या पन्नाशी उलटल्यावर, कोसबाडचे सगळे काम अंगावर असताना. त्या लिहीत राहिल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन आजही शिक्षकांनी वाचावे असे आहे. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांचे काम चालूच होते. शिक्षक वाढतो म्हणजे काय, याचे एवढे ठसठशीत उदाहरण दुसरे देता येणार नाही. वर्ग आणि शिक्षिका बरोबरीने वाढत होते. एकाची वाढ थांबली असती तर दुसऱ्याचीही थांबली असती.

इथे एक आक्षेप रास्त आहे. मोंतेसरी विचारातून आलेली ही मंडळी लहान वयात अक्षरे लादण्याच्या विरोधात होती, मग साक्षरतेच्या इतिहासात त्यांना का ओढायचे? उत्तर असे की त्यांचा विरोध घोटून घेण्याला होता. गोष्ट, गाणे, गप्पा, निरीक्षण यांनी मुलाकडे सांगण्यासारखे काही जमा झाल्याशिवाय लेखन हे हाताचे काम राहते, हे त्यांनी ओळखले होते. गेल्या दशकात पालघर आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यांत प्राथमिक वर्गांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यातही हाच दोष समोर आला: अक्षरओळख आणि उच्चारण यांवर वर्गाचा बहुतेक वेळ जातो आणि अर्थ, गोष्ट, मुलाचे स्वतःचे सांगणे यांना जागाच उरत नाही. वारली बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे दुप्पट जाचक, कारण पुस्तकातली मराठी त्याला मुळात परकी असते. त्याची बोली फळ्यावर लिहायची की नाही, हे कोणताही तक्ता ठरवत नाही. ते त्या क्षणी समोर उभा असलेला शिक्षक ठरवतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ही सगळी असामान्य माणसे. लाखो शिक्षकांची व्यवस्था त्यांच्या भरवशावर कशी चालवणार? म्हणूनच पुस्तके, तक्ते, साहित्यपेट्या यांचा आधार घ्यावा लागतो, असे प्रशासन म्हणते. पण सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकवले होते आणि अनुताई ताराबाईंच्या सहवासात घडल्या. असामान्यपण जन्मजात नव्हते, त्यामागे कुणीतरी केलेली गुंतवणूक होती. आणि तयार साहित्याच्या वाटेचे फळही आपल्यासमोर आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावादी शिक्षणात नाव कमावले, राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे पोचल्या. बऱ्याच जणांनी परत येऊन उचलली ती फरशीवरची रंगीत रेखाटने. त्या शाळांतले शिक्षक एकत्र बसून काय वाचत होते, कशावर वाद घालत होते, हे रंगाच्या डब्याबरोबर येण्यासारखे नव्हते. बोलक्या भिंतींचेही तेच झाले. कंत्राटदाराने रंगवलेली बाराखडी आणि सुविचार वर्षानुवर्षे तिथेच असतात. त्यांत वर्गातल्या एकाही मुलाचे नाव, वाक्य किंवा चूक नसते, आणि पहिल्या आठवड्यानंतर त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. मजकूर बदलत नसेल तर तो वाचण्याचे कारणच उरत नाही.

शिक्षकाला वेळ आणि पैसा न देता त्याच्याकडून हे मागणे मात्र अन्यायाचे आहे, आणि हेही जुनेच गाऱ्हाणे आहे. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले की प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये पगार द्यावा, मोठ्या गावांत १५ ते २०, आणि हे शिक्षक शक्यतो शेतकरी जातींतून यावेत. शेतकऱ्याच्या पोराशी त्याच्या बोलीत आणि बरोबरीने वागणारा माणूस वर्गात हवा, हा त्यामागचा विचार. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २००० मध्ये, महाराष्ट्राने शिक्षणसेवक योजना आणली आणि प्राथमिक शाळेतल्या नव्या शिक्षकाची सुरुवात महिना ३००० रुपये मानधनावर केली. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. ज्याला घरखर्चाची विवंचना आहे आणि ज्याची संध्याकाळ ऑनलाइन माहिती भरण्यात जाते, त्याने वाचायचे कधी आणि लिहायचे कधी? निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी यांतून सुटलेला तास हीच शाळेतली सर्वांत मोलाची वस्तू झाली आहे.

म्हणून मागणी एकच आहे आणि ती अगदी साधी आहे. दर महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद भरते. तिच्यातून परिपत्रकांचे वाचन काढून टाकावे. प्रत्येक शिक्षकाने तिथे यावे ते महिन्यात वाचलेले एक पुस्तक, स्वतः लिहिलेले एक पान आणि वर्गातल्या एका मुलाने लिहिलेला एक कागद घेऊन, आणि केंद्रप्रमुखांनीही तसेच यावे. साहित्यपेटीच्या खरेदीआधी शासनाने एवढे करून पाहावे.