‘कबर्ड’मधला हरवलेला ‘प’

सातवीत इंग्रजीच्या तासाला मी मोठ्याने ‘कप-बोर्ड’ असे वाचले आणि सारा वर्ग हसला. मास्तर म्हणाले, “अरे, कबर्ड म्हण!” ‘प’ लिहायचा, पण म्हणायचा नाही, असे का, ते त्यांनी सांगितले नाही. पुढे मी शिक्षक झालो आणि मुले तोच प्रश्न मला विचारू लागली. तेव्हा उत्तर शोधणे भाग पडले.

हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. ‘कप’ म्हणजे पेला आणि ‘बोर्ड’ म्हणजे फळी किंवा मेज. पेले मांडून ठेवायचे मेज, एवढाच त्याचा मूळ अर्थ. दारे असलेल्या कपाटाला हे नाव मिळाले ते सोळाव्या शतकात. म्हणजे समासाचा विग्रह म्हणून माझे वाचन बरोबरच होते!

घोटाळा केला तो आघाताने. इंग्रजी जोडशब्दात जोर बहुधा पहिल्या पदावर पडतो. ‘ग्रीन’वर जोर देऊन ‘ग्रीनहाउस’ म्हटले, तर ते रोपे वाढवायचे काचघर. ‘हाउस’वरही जोर दिला, तर नुसते हिरवे घर. तुम्हीही मोठ्याने म्हणून पाहा. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला हा फरक चटकन कळत नाही.

ज्या पदावर जोर नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या झिजत जाते. ‘बोर्ड’चे ‘बर्ड’ झाले आणि शेजारच्या ‘ब’ने ‘प’ला गिळले. ‘लॉर्ड’ हा शब्द तर याहून झिजलेला. पाव आणि राखणदार अशा अर्थाच्या दोन जुन्या शब्दांचा तो समास. आज त्यातला सांधाही दिसत नाही. कपबोर्डचा सांधा निदान कागदावर राहिला. ओळीच्या शेवटी हा शब्द तोडायचा झाला, तर छापखान्यात तो आजही ‘कप’ आणि ‘बोर्ड’ असाच तुटतो.

कधी गाडी उलटीही फिरते. ‘फोरहेड’ म्हणजे कपाळ. त्याचा रूढ उच्चार होता ‘फॉरिड’. विसाव्या शतकात इंग्रज लोकच स्पेलिंग पाहून ‘फोर-हेड’ म्हणू लागले आणि शब्दकोशांनी तो उच्चार स्वीकारला. माझी चूक याच जातीची होती. त्यांना शब्दकोशात जागा मिळाली, मला वर्गातला हशा.

म्हणून निवृत्त होईपर्यंत मी एक नेम पाळला. कोणी ‘कप-बोर्ड’ वाचले, की आधी म्हणायचो, “शाबास, विग्रह अचूक केलास.” उच्चार त्यानंतर सांगायचो.