पट्टीची पावती आणि मत

झोपडपट्टीच्या नळाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतोच, "टॅक्स आम्ही भरायचा आणि सोयी यांना?" मित्रांनो, हे वाक्य नवं नाही. मुंबईत एकेकाळी तो कायदाच होता.

1872 च्या कायद्याने मुंबई महापालिकेत 64 सभासद ठरले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. 1888 च्या कायद्यानंतरही मताचा मुख्य रस्ता पट्टीच्या पावतीवरूनच जात होता. पण घरमालक पट्टी भरायचा कशातून? चाळीतल्या कामगाराच्या भाड्यातून! खिसा एकाचा, मत दुसऱ्याचं. आणि 1888 च्या त्याच कायद्यात मालमत्ता करांपैकी एकाचं नावच होतं 'हलालखोर कर'. म्हणजे मैला उचलायचा कर. मैला उचलणाऱ्यांचं नाव करावर आलं, मतदारयादीत आलं नाही.

1922 मध्ये भाडेकरूंना मत मिळालं; अट महिना 10 रुपये भाड्याची. गिरणगावातल्या बहुतेक खोल्यांचं भाडं त्याहून कमी होतं. प्रौढ मतदानाने निवडणूक व्हायला 1948 उजाडलं.

बाबासाहेबांनी मात्र 1919 मध्येच साउथबरो समितीपुढे यातलं वर्म दाखवलं होतं. अस्पृश्यतेने ज्यांची कमाईची वाटच बंद केली, त्यांनाच मालमत्तेची अट कशी लावता? 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला.

आता गंमत बघा. 2022 मध्ये मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. चांगलंच झालं. पण त्या फ्लॅटवाल्यांना कुणी फुकटे म्हणताना ऐकलंय का?