डेंग्यू आणि हृदय : एका दुर्लक्षित गुंतागुंतीचा इतिहास

१८७० च्या सुमारास झांजिबारमध्ये सुरू झालेली हाडमोड्या तापाची साथ एडनमार्गे मुंबईत उतरली आणि पुढे कलकत्त्यापर्यंत पोहोचली. ‘डेंग्यू’ हे नाव त्याआधीच रूढ झाले होते. गंमत अशी, की ती साथ प्रत्यक्षात चिकनगुनियाची असावी, असे काही संशोधकांचे मत आहे. रुग्ण महिनोन्महिने सांधे धरून बसत. मृत्यू मात्र क्वचितच होत.

हा समज मनिला (१९५३-५४) आणि बँकॉक (१९५८) येथील साथींनी मोडला. तेथे मुले ताप उतरताना दगावू लागली. केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपून रक्तदाब कोसळत होता. मोजूनमापून सलाइन देण्याची पद्धत बँकॉकच्या डॉक्टरांनी घडवली आणि असंख्य मुले वाचली. भारताला याची मोठी झळ १९९६ मध्ये दिल्लीत बसली. ४०० हून अधिक बळी गेले.

त्याआधीच, १७ मार्च १९७० रोजी, सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे नवी मुंबई आकार घेऊ लागली होती. भरतीचे पाणी शहरात शिरू नये म्हणून धारण तलाव योजले गेले. पण एडिस डासाला तलाव लागत नाही. बांधकामावरची उघडी टाकी, गच्चीतले पिंप, कुंडीखालची बशी त्याला पुरते. त्याची अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात. सतत बांधले जाणारे शहर त्याला आयतेच मिळाले.

आपल्याकडे घरच्यांचे सारे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असते. हृदयाकडे कोणाचे लक्ष नसते. डेंग्यूत हृदयाच्या स्नायूंना सूज येऊ शकते. नाडी अकारण मंदावते किंवा अनियमित होते, ईसीजी बदलतो, ट्रोपोनिन वाढते, इकोमध्ये हृदयाचे आकुंचन क्षीण दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या वर्गीकरणात हृदयाची अशी गंभीर इजा ‘तीव्र डेंग्यू’त स्पष्टपणे समाविष्ट केली.

अतिदक्षता विभागातला पेच इथेच आहे. रक्तद्रव झिरपतो म्हणून सलाइन हवे. पण दुबळे हृदय ते पेलू शकत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचते. झिरपणे साधारण २४ ते ४८ तासांत थांबते. मग बाहेर गेलेला द्रव रक्तात परततो. तेव्हाही सलाइन चालूच राहिले, तर धोका दुणावतो. म्हणून डॉक्टर वारंवार इको करतात, हिमॅटोक्रिट पाहतात, लघवी मोजतात. द्रव हात राखून देतात, हृदयाला बळ देणारी औषधे सुरू करतात. विद्युतवहन अडल्यास तात्पुरता पेसमेकर बसवतात. सारे उपाय थकले, तर निवडक रुग्णांना एक्मो यंत्रावर ठेवले जाते. ते काही दिवस हृदय-फुप्फुसांचा भार वाहते, मात्र त्यासाठी रक्त पातळ ठेवावे लागते आणि रक्तस्रावाची भीती असलेल्या आजारात हा निर्णय फार कठीण असतो. तो काळ निभावला, तर बहुतेकांचे हृदय काही दिवसांत वा आठवड्यांत पूर्ववत होते.