साडेसात पौंडांची मर्यादा आणि एक निवृत्त रायफल

१/ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सरावासाठी .२२ कॅलिबरच्या रिमफायर रायफली खरेदी केल्या. काडतूस स्वस्त, धक्का नगण्य. 'मॉसबर्ग ४४ यूएस' ही त्यांपैकीच एक.

२/ युद्धानंतर अशा अनेक अतिरिक्त रायफली नागरी नेमबाजांच्या हाती आल्या. नागरिकांच्या नेमबाजीला उत्तेजन देण्याचे काम १९०३ पासून सरकारी मंडळाकडे होते. १९९६ च्या कायद्याने ते 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम'कडे गेले.

३/ या संस्थेच्या गॅरंड स्पर्धेत रायफल सैन्याला मिळाली तशीच असावी लागते. चाप किमान साडेचार पौंडांचा. कस लागावा तो नेमबाजाचा, त्याच्या थैलीचा नव्हे, हा हेतू.

४/ रिमफायर स्पोर्टर स्पर्धेचा निकष मात्र वेगळा. कमाल वजन साडेसात पौंड, चाप किमान तीन पौंडांचा. जड नळी हातात स्थिर राहते, म्हणून ही स्पर्धा हलक्या, साध्या रायफलींसाठी राखलेली. मॉसबर्ग सुमारे साडेआठ पौंडांची. सैनिक घडवूनही ती येथे अपात्र.

५/ नळी कापून वजन उतरवता येईल. मग प्रवेश मिळेल. पण सैन्याने वापरलेली ती मूळ रायफल मात्र कायमची नाहीशी होईल.