गुडघ्यापासून सुरुवात

गरोदरपणात रक्तदाब वाढून आकडी आलेल्या, किंवा येण्याची भीती असलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. प्रसूती कक्षात त्याला सगळे ‘मॅगसल्फ’च म्हणतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आकडी पुन्हा येऊ न देण्यात ते डायझेपाम आणि फेनिटॉइन या दोन्हींपेक्षा सरस ठरले. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया होत्या; मॅगसल्फ मिळालेल्यांचा आकडीचा धोका निम्म्याहून खाली आला.

हे औषध स्नायू सैल करून झटके थांबवते, असे नवशिक्याला हमखास वाटते. पण आकडी उठते मेंदूत, आणि तिला रोखायचे कामही तिथेच होते. स्नायूंची गोष्ट निराळी. मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम शिरले की ॲसिटिलकोलीन बाहेर पडते आणि स्नायू आकसतो. मॅग्नेशियम कॅल्शियमची ही वाट अडवते. बाईला गळून गेल्यासारखे वाटते. भूलतज्ज्ञाला स्नायू शिथिल करणारी औषधे बेतानेच द्यावी लागतात, आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस असेल तर मॅगसल्फ टाळतात.

हा अशक्तपणा क्रमाने वाढतो, ही मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. उपचाराची पातळी रक्ताच्या लिटरमागे ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंट. १० च्या सुमारास गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही. श्वासाचे स्नायू बंद पडतात ते साधारण १२ च्या पुढे. मधल्या त्या थोड्या अंतरावर बाईचा जीव सुरक्षित राहतो. म्हणून प्रयोगशाळा नसलेल्या रुग्णालयातही पुढच्या इंजेक्शनआधी सिस्टर गुडघा, श्वास आणि लघवी पाहतात. मॅग्नेशियम मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते; लघवी कमी झाली की ते साठू लागते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवेच.

गर्भाशयही स्नायूच, म्हणून अकाली कळा थांबवण्यासाठी मॅगसल्फ बरीच वर्षे वापरले गेले. चाचण्यांत तो उपयोग टिकला नाही. आईला मॅगसल्फ दिले असेल तर जन्मलेले बाळही कधी ढिले असते, म्हणून बालरोगतज्ज्ञाला आधीच कळवावे.

मात्रेचा प्रश्न अजून जिवंत आहे. प्रिचर्ड यांच्या पद्धतीत सुरुवातीलाच १४ ग्रॅम जातात. आपल्याकडच्या कमी वजनाच्या बायकांना एवढे लागते का, या विचारातून धुळ्याच्या नावाने ओळखली जाणारी कमी मात्रेची पद्धत आली. नव्या अभ्यासकाने तीही आवर्जून वाचावी.